पोकेमॉन गो : पहिल्या महिन्यात काय गोळा करायचं आणि कशावर हात आखडता घ्यायचा

पोकेमॉन गो सुरू केलं की पहिले दोन दिवस सगळं फुकटच वाटतं. पोकेमॉन दिसतो, बॉल फेकायचा, तो आत जातो. मग एके दिवशी बॉल संपतात, पिशवी भरते, आणि ज्या पोकेमॉनची ताकद वाढवायला जमवलेली सगळी स्टारडस्ट (त्यासाठी लागणारी भुकटी) उधळली, त्याच जातीचा दुप्पट ताकदीचा भाऊबंद पुढच्या कोपऱ्यावर उभा असतो. इथं कंटाळून खेळ काढून टाकणारे कमी नाहीत. दोष खेळाचा नसतो. पोकेमॉन भरपूर आहेत. टंचाई असते ती बॉलची, जागेची आणि स्टारडस्टची. ही तीन खाती सांभाळली की बाकीचं चालता चालता जमतं.

नायँटिक कंपनीनं हा खेळ 6 जुलै 2016 ला काही मोजक्या देशांत सुरू केला. 2025 मध्ये तो स्कोपली या कंपनीकडे गेला. नकाशा खरा आहे आणि डिसेंबर 2017 पासून तो ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतो. नकाशावर दिसणारे पोकेस्टॉप (वस्तू मिळण्याची ठिकाणं) आणि जिम (लढतीची ठिकाणं) म्हणजे प्रत्यक्षातल्या जागा : पुतळे, भित्तिचित्रं, उद्यानांच्या पाट्या, जुन्या इमारती, प्रार्थनास्थळं, वाचनालयं. सुरुवातीची यादी कंपनीच्याच आधीच्या इन्ग्रेस या खेळातून आली. त्यात खेळाडूंनी स्वतः जागा सुचवल्या होत्या. म्हणूनच जिथं लोक पायी वावरतात तिथं स्टॉपची गर्दी, आणि महामार्गाकडेला शुकशुकाट.

आधी फोन, मग खेळ

खेळ उघडताना विचारलेल्या परवानग्या घाईत नाकारल्या की पुढे सगळं अडतं. लोकेशनची परवानगी ‘अचूक’ हवी. ‘अंदाजे’ निवडलं तर तुमचं पात्र भलत्याच गल्लीत उभं राहतं आणि स्टॉप हाताशी येत नाही. फोनचा स्वतःचा बॅटरी-बचत प्रकार खेळताना बंद ठेवा, कारण तो जीपीएस मंदावतो. त्याऐवजी खेळाच्या सेटिंगमधला बॅटरी सेव्हर वापरा. तो चालू असताना फोन उलटा धरला की पडदा काळा होतो आणि खेळ मागे चालू राहतो.

तिथंच ‘ॲडव्हेंचर सिंक’ नावाची सोय आहे. ती चालू केली आणि फोनच्या आरोग्य ॲपला जोडली की खेळ बंद असतानाही चाललेलं अंतर मोजलं जातं. अंडी, बडी (सोबतीला निवडलेला पोकेमॉन) आणि आठवड्याचं बक्षीस, तिन्हींना हे अंतर लागू होतं. हे पहिल्याच दिवशी करावं. नंतर चालू केलं तर मागचं अंतर भरून मिळत नाही.

आणखी एक : सेटिंगच्या प्रगत भागात सगळी चित्रं एकदम उतरवून घेण्याचा पर्याय आहे. वायफायवर असताना तो वापरला तर बाहेर डेटाही वाचतो आणि प्रत्येक नव्या पोकेमॉनपाशी खेळ अडखळत नाही.

लॉगिन कोणतं निवडलं ते लिहून ठेवा. फोन बदलल्यावर ‘नवा खेळाडू’ दाबून किंवा वेगळ्या पत्त्यानं आत शिरून नकळत दुसरंच खातं उघडणं, ही नवख्यांची हमखास होणारी चूक आहे. खातं हरवलेलं नसतं, दार चुकलेलं असतं. बाहेर पडा, ‘परतलेला खेळाडू’ निवडा, जुन्याच लॉगिननं आत या. टोपणनाव इतरांना दिसतं, तेव्हा खरं नाव देऊ नका.

पहिला पोकेमॉन निवडताना समोर बल्बासॉर, चार्मँडर आणि स्क्वर्टल येतात. कोणालाच न धरता त्यांच्यापासून चालत राहिलं तर ते पुन्हा पुन्हा मागे येतात. तीन-चारदा टाळलं की सोबत पिकाचूही उभा राहतो. याचा पुढे काही मोठा फायदा नाही, हौस म्हणून करा. नंतर हे चारही रानात भेटतातच.

स्टॉप फिरवणं

स्टॉपपासून 80 मीटरच्या आत आलात की त्यावर टिचकी मारून चकती बोटानं फिरवायची. बॉल, बेरी, औषधं, कधी अंडं किंवा मित्राला पाठवायची भेटवस्तू मिळते. स्टॉप जांभळा होतो आणि साधारण 5 मिनिटांनी पुन्हा निळा. हे अंतर पूर्वी 40 मीटर होतं. 2020 मध्ये साथीच्या काळात दुप्पट केलं; 2021 मध्ये कंपनीनं काही ठिकाणी ते पुन्हा कमी करून पाहिलं, तेव्हा खेळाडूंनी इतका गदारोळ केला की 80 मीटर कायम झालं. जुन्या लेखांत 40 चा आकडा दिसला तर त्याचं कारण हे.

दिवसातला पहिला स्टॉप आणि पहिला पोकेमॉन यांना जादा बक्षीस असतं. ते सलग सात दिवस केलं की सातव्या दिवशी ते आणखी वाढतं. एका दिवसाचा खाडा झाला की मोजणी पुन्हा एकपासून. म्हणून बाहेर पडणं शक्य नसलेल्या दिवशीही खिडकीतून हाताला लागणारा एक स्टॉप आणि एक पोकेमॉन एवढं तरी उरकून घ्यावं.

स्टॉप फिरत नाही याची कारणं तीनच असतात : पिशवी भरलेली, वेग जास्त, किंवा जीपीएस भरकटलेला. पहिलं सगळ्यात जास्त वेळा.

बॉल कसा फेकायचा

यावर थोडा वेळ घालवा, कारण नेम सुधारला की बॉलचं अर्धं दुखणं मिटतं.

आधी समोरची एआर, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणारी पार्श्वभूमी, वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबून बंद करा. ती फोटोपुरती ठीक. बंद केली की पोकेमॉन पडद्याच्या मधोमध स्थिर राहतो, हात हलला तरी निसटत नाही, आणि बॅटरीही कमी जाते.

बॉलवर बोट टेकवलं की पोकेमॉनभोवती पांढरं वर्तुळ आणि त्याच्या आत आकसत जाणारं रंगीत वर्तुळ दिसतं. रंग म्हणजे कठीणपणा : हिरवा सोपा, मग पिवळा, नारिंगी, आणि लाल सगळ्यात अवघड. बॉल आतल्या वर्तुळात पडला, आणि ते जितकं लहान असताना पडला, तितकी पकडण्याची शक्यता जास्त. त्यानुसार नाइस, ग्रेट, एक्सलंट असे शेरे मिळतात. वर्तुळाबाहेर पण अंगावर पडला तर पकड होऊ शकते, पण शेऱ्याचा फायदा नाही.

बॉल जागच्या जागी गोल फिरवून, त्यातून ठिणग्या निघायला लागल्यावर फेकला की तो वळत जातो. हा कर्व्ह बॉल. तो ज्या बाजूला वळतो तिच्या उलट बाजूला तिरका फेकायचा, म्हणजे वळून नेमका पोकेमॉनवर येतो. किती तिरका हे फोनच्या आकारावर अवलंबून आहे. सोप्या, जवळ उभ्या असलेल्या पोकेमॉनवर सराव करा. सुरुवातीला बॉल वाया जातील. जाऊ द्या, ते नंतर वसूल होतात.

कारण असं, की कर्व्हचा गुणक 1.7 आहे, रॅझ बेरीचा 1.5, ग्रेट बॉलचा 1.5, अल्ट्रा बॉलचा 2. सोनेरी रॅझ बेरीचा 2.5. हे आकडे एकमेकांना गुणले जातात. समजा साध्या सरळ फेकीला पकडण्याची शक्यता 20 टक्के आहे. तीच फेक रॅझ बेरी देऊन, वळवून केली तर गुणक होतो 2.55 आणि शक्यता जाते साधारण 43 टक्क्यांवर. त्यात साध्याऐवजी ग्रेट बॉल घेतला तर सुमारे 57. म्हणजे हाताचं वळण हे नुसत्या ग्रेट बॉलपेक्षा भारी आहे, आणि त्याला काही पडत नाही. प्रत्येक फेक कर्व्हच करायची सवय लावून घ्या.

आता अवघड पोकेमॉनसाठीची युक्ती. आतलं वर्तुळ फक्त बॉल धरलेला असतानाच आकसत असतं. ते हव्या त्या आकाराचं झालं की बॉल फेकायचा नाही, बोट उचलून घ्यायचं. वर्तुळ तेवढंच राहतं. मग थांबायचं. पोकेमॉन हल्ला केल्यासारखा उडी मारतो किंवा हात-पंख झाडतो. ती हालचाल संपत येत असतानाच बॉल उचलून, फिरवून फेकायचा. बॉल हवेत असेपर्यंत त्याची हालचाल थांबलेली असते आणि वर्तुळ आपण सोडलं त्याच मापाचं असतं. पहिल्यांदा वेळ चुकते : लवकर फेकला तर तो बॉल हातानं उडवून लावतो, उशीर झाला तर वर्तुळ पुन्हा बदलतं. पण अंगवळणी पडलं की ग्रेट आणि एक्सलंट सहज मिळतात. रेडनंतर, म्हणजे जिमवरच्या बलवान पोकेमॉनशी लढून जिंकल्यावर, मोजकेच बॉल मिळतात, तिथं ही युक्ती येणाऱ्यात आणि न येणाऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बेरीबद्दल एक बारीक गोष्ट. बेरी दिल्यावर बॉल चुकला तर बेरीचा परिणाम टिकतो. पोकेमॉन आत जाऊन फोडून बाहेर आला, तर तो संपतो आणि नवी द्यावी लागते. पिनॅप बेरीनं कँडी (त्या जातीच्या उत्क्रांतीला लागणारी) दुप्पट मिळते, पण पकडणं सोपं होत नाही. म्हणून हिरव्या वर्तुळाला पिनॅप, लालला रॅझ. नॅनॅब बेरी पोकेमॉनची चुळबुळ कमी करते; ती एरवी जिममध्ये खायला घालून संपवा.

पिशवी आणि जागा

सुरुवातीला पिशवीत 350 वस्तू मावतात आणि पोकेमॉनसाठी 300 जागा असतात. पिशवीत सगळ्यात जास्त अडगळ करतात ती औषधं : पोशन आणि रिव्हाइव्ह. जिम-रेड लढत नसाल तर साध्या पोशन आल्या की टाकून द्या. नॅनॅब बेरी 10-15 पुरतात. सांभाळायचे ते बॉल, रॅझ, पिनॅप, आणि उत्क्रांतीला लागणारे दगडासारखे खास नग. खास नग दिसायला फालतू वाटले तरी टाकू नयेत, ते क्वचित मिळतात.

पोकेमॉनच्या जागेसाठी नियमित ट्रान्सफर करावं लागतं. एकाला निरोप दिला की त्याच जातीची एक कँडी मिळते. ट्रान्सफर परत फिरवता येत नाही, म्हणून क्रम असा ठेवा :

1. आधी हवे असलेले सगळे तारा लावून ‘आवडते’ करा. तारा लावलेला पोकेमॉन ट्रान्सफर होत नाही.
2. शायनी (वेगळ्या रंगाचे), लेजंडरी (खास दुर्मीळ जातींचे), टोपी-पोशाख घातलेले, आणि ज्याची जात तुमच्याकडे एकच आहे असे, हे सगळे पहिल्या पायरीतच सुरक्षित करा.
3. मग शोधचौकटीत 0*,1* असं लिहा. स्वल्पविराम म्हणजे ‘किंवा’. कमी गुणांचे सगळे समोर येतात.
4. एकावर बोट दाबून धरा, बाकीचे निवडा, यादी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला, मग निरोप द्या.

शोधातले हे 0*, 1* तारे ‘आवडते’च्या ताऱ्याहून वेगळे, ते म्हणजे मूल्यांकनाचे गुण. प्रत्येक पोकेमॉनला हल्ला, बचाव आणि एचपी (जीव) या तिन्हींत 0 ते 15 असे जन्मजात गुण असतात. बेरीज 45 पैकी. 37 ते 44 ला तीन तारे, पूर्ण 45 ला चौथा दर्जा आणि लालसर शिक्का. पोकेमॉन कोणताही असो, हे गुण त्याच्या पातळीनं बदलत नाहीत. जास्त तारे म्हणजे चांगला, याला एक अपवाद लक्षात ठेवा. खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत, 1500 सीपीची (लढाऊ ताकदीच्या आकड्याची) मर्यादा असलेल्या ग्रेट लीगमध्ये, हल्ला कमी आणि बाकी दोन जास्त असलेला पोकेमॉन बहुतेक वेळा सरस ठरतो. तेव्हा एक-दोन ताऱ्यांचा सगळाच माल टाकाऊ नसतो. पण पहिल्या महिन्यात त्याची चिंता नको.

स्टारडस्ट

हे खातं सर्वांत महत्त्वाचं. कँडी प्रत्येक जातीची वेगळी, स्टारडस्ट सगळ्यांना एकच, आणि एकदा खर्च केली की गेली. पोकेमॉन ट्रान्सफर केला तरी परत मिळत नाही.

साधा, उत्क्रांत न झालेला पोकेमॉन पकडला की 100 स्टारडस्ट, एक पायरी पुढचा 300, दोन पायऱ्या पुढचा 500. हवामान त्या प्रकाराला अनुकूल असेल तर एक चतुर्थांश जादा. उदाहरणार्थ पावसात पाणी, वीज आणि कीटक प्रकारचे. आता खर्च बघा. पॉवर अप, म्हणजे पोकेमॉनची ताकद वाढवणं, याची प्रत्येक पायरी अर्ध्या पातळीची. पहिल्या पायऱ्यांना 200 लागतात, पातळी 40 च्या जवळ 10,000. एका पोकेमॉनला पातळी 20 वरून 30 वर न्यायला 75,000 स्टारडस्ट लागते. म्हणजे 750 साधे पोकेमॉन पकडण्याची कमाई. पातळी 1 ते 40 चा हिशेब 2,70,000.

दुसरी बाजू अशी की रानातल्या पोकेमॉनची पातळी तुमच्या स्वतःच्या पातळीबरोबर चढत जाते, थेट 30 पर्यंत. अनुकूल हवामानात 5 आणखी. आज पातळी 12 चा खेळाडू ज्याला पॉवर अप करतो, तसाच किंवा त्याहून बलवान पोकेमॉन तो पातळी 25 ला पोचल्यावर त्याला एका बॉलमध्ये फुकट मिळणार असतो. म्हणून नियम साधा : तुमची पातळी तिशीपर्यंत जात नाही तोवर पॉवर अपला हात लावू नका. कधीतरी एखाद्या लढतीत घोडं अडलंच तर दोन-चार पायऱ्या, तेवढंच.

पोकेमॉनची पातळी आकड्यात दिसत नाही, पण त्याच्या पानावर वरच्या बाजूला पांढरी कमान असते. तिच्यावरचा ठिपका जितका उजवीकडे, तितका तो तुमच्या सध्याच्या मर्यादेच्या जवळ. सीपीच्या आकड्यापेक्षा हा ठिपका बोलका आहे. पिजीचा सीपी आणि ड्रॅगोनाइटचा सीपी यांची तुलना करण्यात काही हशील नाही.

उत्क्रांतीला स्टारडस्ट लागत नाही, फक्त कँडी लागते : पिजी, कॅटरपी, वीडल यांना 12, बहुतेकांना 25 किंवा 50, मॅजिकार्पला तब्बल 400. 12 वाले पकडत राहा, कँडी साठवा, आणि लकी एग वापरून 30 मिनिटांत एका दमात सगळे उत्क्रांत करा. त्या वेळात एक्सपी (तुमची पातळी वाढवणारे गुण) दुप्पट मिळतात. लकी एग लावण्याआधी यादी तयार ठेवा. ते लावल्यावर शोधाशोध करत बसलं तर निम्मा वेळ तिथंच जातो.

ईव्ही हा वेगळा प्राणी आहे. 25 कँडी दिल्या की तो तीन प्रकारांपैकी काय होईल ते नशिबावर, पण प्रत्येक प्रकारासाठी एकदा नाव देऊन निकाल ठरवता येतो. नाव रोमन लिपीत आणि अक्षर न चुकता हवं. रेनर दिलं की व्हेपोरियन, स्पार्की दिलं की जोल्टियन, पायरो दिलं की फ्लेरियन. रेनरची अक्षरं आर, ए, आय, एन, ई, आर. आयच्या जागी वाय पडला की युक्ती वाया. नाव बदलल्यावर उत्क्रांतीच्या बटणावर प्रश्नचिन्हाऐवजी त्या प्रकाराची सावली दिसते. ती दिसली तरच बटण दाबा. नाहीतर खेळ बंद करून पुन्हा उघडा.

अंडी आणि बडी

अंड्यांसाठी मूळ 9 जागा आहेत. स्टॉपवरची अंडी 2, 5 आणि 10 किलोमीटरची. मित्रांच्या भेटीतून येतात ती 7 ची. अंडी उबवायचे इनक्युबेटर तीन प्रकारचे : नारिंगी कायमचा, निळा तीन वापरांचा, आणि जांभळा जो अंतर एक तृतीयांश कमी करतो. कायमच्यात 2 किलोमीटरची अंडी घाला, म्हणजे जागा भराभर रिकाम्या होतात. निळे-जांभळे 10 साठी राखा. अंडं उबवल्याशिवाय त्याची जागा मोकळी होत नाही, त्यामुळे 2 ची अंडी तुंबू देऊ नका.

ताशी साधारण 10 किलोमीटरच्या वर गेलात की अंतर मोजलं जात नाही. जॉगिंग चालतं, जोरात सायकल नाही. घरात बसून जीपीएस भटकला की पात्र आपोआप इकडेतिकडे पळताना दिसतं; त्यावर विसंबू नका.

बडी म्हणून निवडलेला पोकेमॉन ठराविक अंतराला एक कँडी आणतो : जातीनुसार 1, 3, 5 किंवा 20 किलोमीटर. पिकाचू आणि मॅजिकार्प 1 चे, ईव्ही 5 चा, लेजंडरी बहुतेक 20 चे. नव्यानं सुरू करणाऱ्यानं मॅजिकार्पला बडी करावं. 400 कँडीचा डोंगर त्याशिवाय लवकर हलत नाही, आणि त्यातून मिळणारा ग्याराडॉस सुरुवातीला चांगला लढतो.

नाणी, जिम आणि रेड

नाणी पैसे न भरता मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे जिम. तुमच्या संघाच्या जिममध्ये जागा असेल तर पोकेमॉन ठेवायचा. एका जिममध्ये 6 पोकेमॉन मावतात आणि एकाच जातीचे दोन चालत नाहीत. दर 10 मिनिटांना 1 नाणं, दिवसाला जास्तीत जास्त 50. म्हणजे 8 तास 20 मिनिटांत दिवसाचा कोटा पूर्ण. पण नाणी पोकेमॉन हरून परत आल्यावरच खात्यात पडतात, आणि एकाच दिवशी चार परत आले तरी मिळणार 50 च. त्यामुळे सगळे पोकेमॉन एकाच वेळी जिममध्ये कोंबण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या वेळी, थोडे थोडे ठेवा. ब्लिसी, स्नॉरलॅक्स, चॅन्सी हे टिकाऊ. ते नसतील तर जो गेल्यानं तुमचं अडत नाही असा कोणताही ठेवा.

पहिली 200 नाणी झाली की 50 जागांची वाढ घ्या. पिशवीची की पोकेमॉनची हे जे आधी भरतं त्यावर. बॉल नाण्यांनी विकत घेऊ नका, ते स्टॉपवर फुकट आहेत.

जिमची चकती फिरवली की दिवसाला एक फुकट रेड पास मिळतो. एका ताऱ्याची रेड नवखा एकटा जिंकू शकतो. पाच ताऱ्यांच्या लेजंडरी रेडला एकट्यानं जाऊ नये. चांगले खेळाडू असले तरी तीन-चार जण लागतात, नवखे असतील तर आणखी. लढाईच्या आधी खेळ स्वतःच सहा पोकेमॉन सुचवतो. ती यादी हल्ल्यापेक्षा टिकाव धरणाऱ्यांना झुकतं माप देते, तेव्हा समोरच्याच्या कमजोर प्रकारानुसार हातानं बदला : पाण्यासमोर वीज किंवा गवत, ड्रॅगनसमोर बर्फ. जिंकल्यावर पांढरे प्रीमियर बॉल मिळतात, तिथं ग्रेट-अल्ट्रा चालत नाहीत. सोनेरी रॅझ, वर्तुळाची युक्ती आणि कर्व्ह, तिन्ही तिथंच लावायची.

आसपास स्टॉप नसतील तर

स्टॉप विरळ असलेल्या भागात बॉल हीच खरी अडचण असते. मार्ग दोन. एक, मित्र जोडणं : त्यांनी पाठवलेल्या भेटी उघडल्या की स्टॉपसारख्याच वस्तू मिळतात, त्यासाठी घराबाहेरही पडावं लागत नाही. दुसरा, रोज मिळणारा डेली ॲडव्हेंचर इन्सेन्स, म्हणजे पोकेमॉनना ओढून आणणारा धूप. तो 15 मिनिटं चालतो, आणि तो संपताना तुमच्याकडे 30 पेक्षा कमी बॉल असतील तर 30 बॉल देतो. या इन्सेन्समध्ये आणि साध्या इन्सेन्समध्येही चालत राहणं गरजेचं आहे. एका जागी उभं राहिलं की पोकेमॉन येण्याचा वेग पार मंदावतो. डेली ॲडव्हेंचर इन्सेन्समध्ये कधीकधी गॅलार भागातले तीन दुर्मीळ पक्षी येतात. ते जवळजवळ नेहमीच पहिल्या बॉलनंतर पळतात. मन खट्टू करून घेऊ नका, आणि त्यांच्यासाठी अल्ट्रा बॉल राखून ठेवा.

काही जाती विशिष्ट भूभागातच रानात दिसतात : कांगासखान ऑस्ट्रेलियात, टॉरॉस उत्तर अमेरिकेत, फारफेच्ड पूर्व आशियात. बाकीच्यांना त्या अदलाबदलीत मिळवाव्या लागतात. अदलाबदलीला सहसा दोघे जवळ हवेत, आणि स्टारडस्ट लागते. इथं मैत्रीची पायरी पाहा : नव्या मित्राकडून स्वतःकडे नसलेला लेजंडरी घ्यायला 10,00,000 स्टारडस्ट पडते, तर 90 दिवस भेटींची देवाणघेवाण झालेल्या बेस्ट फ्रेंडकडून तोच 40,000 ला. थांबण्यात शहाणपण आहे. अदलाबदलीत जन्मजात गुण नव्यानं पडतात, त्यामुळे चार ताऱ्यांचा पोकेमॉन कुणाला देऊ नका आणि एक ताऱ्याचा घ्यायला लाजू नका.

अडलं तर

‘जीपीएस सिग्नल सापडत नाही’ : उघड्यावर या, लोकेशन बंद-चालू करा, अर्धा मिनिट थांबा. उंच इमारतींमध्ये आणि तळघरात हे व्हायचंच.

‘लोकेशन ओळखता आलं नाही’, सोबत 12 हा आकडा : फोनमध्ये खोटं लोकेशन दाखवणारं ॲप किंवा डेव्हलपर सेटिंगमधला तसा पर्याय चालू आहे. तो बंद करून फोन पुन्हा सुरू करा. रूट केलेल्या फोनवर खेळ चालतच नाही, तिथं फार खटपट करू नका.

घरबसल्या जग फिरवणारी ॲप हा सरळ नियमभंग आहे. पहिल्या वेळी ताकीद आणि साधारण 7 दिवस दुर्मीळ पोकेमॉन दिसणं बंद, दुसऱ्या वेळी सुमारे 30 दिवस खातं बंद, तिसऱ्या वेळी कायमचं. एकाच माणसानं अनेक खाती चालवणं किंवा खातं दुसऱ्याला वापरायला देणं हेही नियमांत बसत नाही.

पोकेमॉन पकडताना बॉल तीनदा हलण्याआधीच खेळ गोठला, तर लगेच जबरदस्तीनं बंद करण्याची घाई नको. आधी नेट तपासा, मग बंद करून उघडा आणि डायरीत शेवटची नोंद पाहा. सर्व्हरवर पकड झालेली असेल तर तिथं ती दिसते आणि पोकेमॉनही यादीत असतो.

वेग जास्त असेल तर ‘मी प्रवासी आहे’ असं विचारणारी चौकट येते. गाडी स्वतः चालवत असाल तर फोन ठेवून द्या. चालत असाल आणि तरीही ती चौकट आली, तर जीपीएसनं उडी मारली आहे. बटण दाबून पुढे जा. थोडा वेळ स्टॉप आणि पोकेमॉन रुसल्यासारखे वागतील, मग आपोआप ताळ्यावर येतील.